महाराजांचा कलाजंग

“...म्हणजे गेनू गेलाच म्हणायचा! नदीपलीकडच्या तालमीत! आणि परत काही तो—”

भिंतीआडून ठकूबाईच्या कानावर एवढंच पडलं. डोक्यावर ताकाची घागर घेऊन ती तालमीच्या दारात आली, तशी बोलणाऱ्यांनी पुढची गोष्ट गिळून टाकली. हौद्यातल्या तांबड्या मातीत रोज ताक ओतायचं काम तिचं, आणि गेनू तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अर्धी बातमी पोटात घेऊन बाईमाणूस घरी जाईल कसं? तिनं सरळ गेनूलाच गाठलं.

“काय रे, खरं का?”

“खरंय मावशी. तीन वर्षं झाली, माती उकरतोय, मोठ्या पैलवानांचं अंग रगडतोय. पण माझी एक कुस्ती लावली नाही कुणी. पलीकडचे वस्ताद म्हणाले, ये, येत्या मैदानात उतरवतो.”

“मग जा की! विचारतोस कुणाला?”

पण जाणं इतकं सोपं कुठलं! दुपारपर्यंत गावभर बोभाटा झाला. कालपर्यंत ज्यांना गेनूचं नाव धड ठाऊक नव्हतं, ते आज घरचं माणूस पळाल्यासारखे ऊर बडवू लागले. शिवलिंगअप्पा वाणी चौकात ओरडला, “माझ्या दुकानाचे बदाम खाल्ले गद्दारानं!” महादू शिंपी म्हणाला, “लंगोट मी शिवलाय! तो काढून ठेव आणि मग जा!” कुणीतरी गेनूच्या दारावर शेणाचा पो मारला.

सगळ्यांत जास्त भडकले ते खुद्द उदाजीराजे. तालीम त्यांची, वेडही त्यांनाच. त्यांनी गेनूला दरबारात उभं केलं. पाठोपाठ ठकूबाईही शिरली.

“माझा पैलवान आणि पलीकडून लढणार?”

“तुमचा कसा महाराज?” ठकूबाई म्हणाली. “नाव तरी माहीत होतं का काल?”

“नाव नसेल! पण गेल्या नागपंचमीला कलाजंगाचा डाव मी दाखवलाय त्याला. मी स्वतः!” महाराजांनी मांडीवर थाप मारली. “बरं, जाऊ दे त्याला. अट एकच! येत्या मैदानात तो पलीकडच्यांकडून माझ्या तालमीतल्या भैरूशी लढेल. तेव्हा हे शेण मारणारं अख्खं गाव, माझ्यासकट, त्याच्या बाजूनं ओरडलं पाहिजे! कुणाला हुकूम नाही, लाच नाही, धाक नाही. नाही ओरडलं, तर या जन्मात त्यानं तांबड्या मातीला पाय लावायचा नाही!”

गेनूचा चेहरा पडला. कारभारी हसला, “एकवेळ दगडाला पान्हा फुटेल!”

ठकूबाईनं पदर खोचला. “कबूल, महाराज. फक्त त्याची पाठवणी करू द्या. लेक सासरी निघाली की माहेरची माणसं शिदोरी बांधतात, चार शब्द सांगतात. शेण मारून कुणी काढत नाही.”

“कर काय करायचं ते! मी नाही ओरडणार!”

ठकूबाई दारोदार फिरली. “गेनूला तुम्ही काय काय दिलंत, ते जाताना ऐकवा तरी मेल्याला!” लोकांच्या जिभा शिवशिवतच होत्या. सगळे नदीकाठी जमले. अप्पा म्हणाला, “तीन वर्षं माझे बदाम! हे घे आणखी मूठभर, लाज वाटू दे!” महादूनं नवा लंगोट अंगावर फेकला. “जुना विटलाय. पलीकडचे मला हसतील!” महाराजांचा तर खास निरोप आला, “त्याला सांगा, कलाजंग करताना खांदा खाली!”

गेनू नावेत चढताना ठकूबाई त्याच्या कानाशी लागली, “पहिल्या दोन वेळा खांदा वरच ठेव.”

“पण महाराज तर खाली म्हणाले!”

“म्हणूनच!”

मैदानाचा दिवस उगवला. हलगी कडाडली. गेनू पलीकडच्यांच्या बाजूनं उतरला आणि अख्खं गाव हाताची घडी घालून, तोंडाला कुलूप लावून बसलं. महाराजांनी तर मिशी दातांत धरली.

भैरूनं गेनूला रेटत रेटत कडेला नेलं. गेनू त्याच्या बगलेखाली शिरला. कलाजंग! पण खांदा वर. अडकला. महाराज गादीवर चुळबुळले. गेनू सुटला, पुन्हा शिरला. पुन्हा खांदा वर!

महाराज ताडकन उठले. “अरे गाढवा, खांदा! खांदा खाली! पोटाखाली घाल!”

मग काय! अप्पा किंचाळला, “उचल की रे! माझे बदाम काय उंदरांनी खाल्ले?” महादू बाकावर चढला, “बस खाली बिनघोर! लंगोट नाही उसवत, मी शिवलाय!” आणि सगळं गाव एका गळ्यानं, “उचल गेन्या, उचल!”

खांदा खाली गेला. भैरू वर गेला. आणि धप्पकन पाठ मातीला!

महाराज पागोटं उडवून नाचत होते. ठकूबाई समोर येऊन उभी राहिली.

“ओरडलं गाव, महाराज. तुमच्यासकट.”

महाराज जागच्या जागी थिजले. “मी त्याच्यासाठी नाही ओरडलो! माझ्या कलाजंगासाठी ओरडलो!”

“आणि अप्पा बदामासाठी, महादू लंगोटासाठी! लेक सासरी पुरण बिघडवायला लागली, तर आईला तिथं गप्प बसवेल का? शेण मारायला माणूस परका लागतो महाराज. याच्या अंगावर परकं काय होतं, सांगा!”

महाराज आधी गालात हसले, मग पोट धरून हसले, शेवटी डोळे पुसत म्हणाले, “बाई, आज चितपट कोण झालं, भैरू की मी?” त्यांनी तिला दोन दुभत्या म्हशी दिल्या आणि दोन्ही तालमींच्या हौद्यात ताक तिचंच पडेल असं जाहीर केलं.

“आणि गेनू, जा तू पलीकडं. पण खांदा अजून कच्चा आहे हां! दर सोमवारी इकडं यायचं आणि माझ्यापुढं कलाजंग करायचा!”

गेनू काही बोलणार, तोच ठकूबाईनं त्याला चिमटा काढला.

अप्पा गोंधळला. “म्हणजे हा गेला की नाही गेला?”

“गेला की!” ठकूबाई म्हणाली. “सोमवार सोडून.”