तोंड न उघडणारा साक्षीदार

हौसा अंडीवाली सायकलसकट तिसऱ्यांदा रस्त्याकडेच्या चारीत गेली, आणि या खेपेला साठ अंडी फुटली. केसांतला बलक निपटत तिने वर पाहिलं, तर पांढरा टेम्पो पळत होता आणि त्याच्या पाठीवर लिहिलं होतं, ‘गाडी नीट चालत नसेल तर मालकाला सांगा.’

“सांगा म्हणतायत, तर सांगूया की!” हौसा म्हणाली आणि तशीच, बलकासकट, मालकाच्या दारात जाऊन उभी राहिली.

मालक म्हणजे आनंदराव थोरबोले. चाळीस पांढरे टेम्पो, एक पांढरी मोटार आणि एक पांढरी मिशी. तिन्हींवर धुळीचा कण बसलेला त्यांना खपत नसे.

“मालक, तुमचे टेम्पो माझ्या कोपराला घासून जात्यात. आज मी मेले असते.”

“शक्यच नाही! आमच्या कंपनीचा नियम आहे, सायकलपासून दीड हात लांब. काय रे?”

“दीड कुठला, दोन हात!” आवारातले ड्रायव्हर एका सुरात म्हणाले.

“माझी जाऊ मागनंच येत होती. तिनं बघितलंय.”

“जाऊ तुझीच बाजू घेणार.”

“मग चहावाल्याला विचारा.”

“तो तुझीच अंडी घेतो.” आनंदरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. “साक्षीदार असा आण, जो तुझा कुणी लागत नाही, जो तोंड उघडणार नाही, आणि ज्याला माझाच ड्रायव्हर माझ्या दारात आणून सोडेल. आठ दिवस दिले. नाही जमलं, तर या रस्त्यावर तुझी सायकल दिसता कामा नये.”

ड्रायव्हर खो खो हसले. बाजाराला जायला हौसाला दुसरा रस्ताच नव्हता. तिने पदर खोचला.

“आणते. पण नियम दीड हाताचाच ना?”

“काळ्या दगडावरची रेघ!”

हौसाच्या घरी आठ-दहा कोंबड्या नुकत्याच खुडूक बसून उठल्या होत्या. पिल्लं निघाली तरी काही अंडी तशीच राहतात, आतल्या आत नासतात. एरवी हौसा ती लांब नेऊन पुरायची. या वेळी तिने ती जपून टोपलीत भरली.

“अगं बाई, शेजारी गाव सोडून जातील!” सासू नाकाला पदर लावून म्हणाली.

“शेजारी ऱ्हाऊ द्या, आत्याबाई. एक बांबूची चिवाटी द्या, लवचिक बघून.”

हौसाने चिवाटी मापून बरोबर एक हाताची कापली, सायकलच्या उजव्या बाजूला आडवी बांधली आणि टोकाला सुतळीच्या जाळीत एक नासकं अंडं टांगलं.

पहिल्याच वळणावर फट्! टेम्पो पुढे निघून गेला, आणि अंडंही त्याच्याबरोबर गेलं. हौसाने नाक दाबून दुसरं टांगलं. रोज दोनतीन तरी जायची. सातव्या दिवशी तर एक पांढरी मोटार हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेली, की फट् झाल्यावर हौसा हसता हसता चारीत पडायची राहिली.

आठव्या दिवशी ती हजर झाली, तेव्हा ड्रायव्हर नाकाला रुमाल बांधून टेम्पो घासत होते. सोडा झाला, शिकेकाई झाली, एकाने अत्तरसुद्धा ओतलं होतं. त्याने वास गेला नाही, फक्त नटला.

“हिला रस्त्यात कुणी पाहिलं का?” आनंदराव नाक धरून गरजले.

“आठ दिवसांत दिसलीच नाही, मालक!”

“मग ही माझी अंडी तुमच्या गाड्यांवर चालत आली व्हय?” हौसा म्हणाली. “मालक, हा वास घ्या, ह्योच साक्षीदार. माझा कुणी लागत नाही, त्यानं तोंड उघडलेलं नाही, आणि तुमच्याच ड्रायव्हरांनी दारात आणून सोडलाय.”

“अगं, तू काठी बाहेर काढलीस म्हणून लागली!”

“काठी एक हाताची हाय, मोजून घ्या. नियम तुमचा दीड हाताचा. अर्धा हात तर मी सोडूनच दिला होता.”

आनंदरावांनी मोजली. एक हात. त्यांची मिशी थरथरली.

“ज्यांच्या गाडीला वास, ते सगळे आजपासून घरी!”

“सगळे?” हौसाने विचारलं. “मग तुमची गाडी पण बघा.”

आनंदराव आपल्या मोटारीपाशी गेले आणि गेले तसेच मागे आले. डाव्या दारावर वाळलेला ओघळ होता. काल बैठकीला उशीर झाला, तेव्हा मागे बसून ‘काढ पुढं, काढ!’ असं कोण ओरडत होतं, हे त्यांना चांगलंच आठवलं.

मग पांढऱ्या मिशीखालून आधी एक खुदकन् आलं, आणि पाठोपाठ आनंदराव पोट धरून असे हसले की ड्रायव्हरांनी भीतीने रुमाल सोडले.

“हरलो! फुटलेल्या अंड्यांची भरपाई देतो. वर काय पाहिजे ते माग.”

“कुणाची नोकरी घालवू नका. ड्रायव्हरांच्या न्याहारीला रोज साठ अंडी माझ्याकडनं घ्या. फक्त ती न्यायला रोज एकानं सायकलवर यायचं, ह्याच रस्त्यानं. आणि त्या वेळी बाकीचे टेम्पो चालूच पायजेत.”

ड्रायव्हरांचे चेहरे उतरले. आनंदरावांनी मांडीवर थाप मारली.

“कबूल! पहिली पाळी कुणाची?”

हौसाने पदर नाकाला लावला. “ज्याची गाडी सगळ्यांत ताजी घाण मारतीया, त्याची.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रस्त्याने एक पांढरी मिशी सायकलवर चालली होती. मागे साठ अंडी होती, आणि चाळीस टेम्पो गोगलगाईसारखे दोन-दोन हात लांबून जात होते.