सटवा पाणाड्याची आण

फार फार वर्षांपूर्वी, खडकवाडीच्या माळावर पाखरूसुद्धा थांबत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथं सटवा पाणाड्या राहायचा. अनवाणी चालताना त्याच्या तळव्यांना जमिनीखालचं पाणी कळायचं, असं म्हणतात.

त्यानं दाखवलेल्या जागी गावानं विहीर खोदली. रीत अशी, की पहिला झरा फुटला की जागेच्या मालकानं ओंजळीत पाणी घेऊन पाण्यातल्या साती आसरांपुढं, हे पाणी कुणाला अडवणार नाही, अशी आण घ्यायची. पण जागेचे मालक, पाटील, जेवून वामकुक्षी घेत होते. इकडं सटवाला आनंद आवरेना. त्यानंच ओंजळ भरली आणि म्हणाला, "आसरा मायांनो, हे पानी कुनाला अडवलं, तर माझी तहान कधी भागू नये!"

त्याची लेक चंद्रा चरकली. "आबा, दुसऱ्याची आण तुमी कशापायी घेतली?"

सटवा नुसता हसला.

पुढं पाटलानं विहीर शहरातल्या एका व्यापाऱ्याला विकली. तो बायको-लेकरासह तिथंच राहायला आला. त्यानं विहिरीवर सागवानी झाकण बसवलं, कुलूप घातलं. मरणाऱ्याच्या मुखात घालायला पळीभर पाणी मागायला एक म्हातारी आली, तिलाही त्यानं हाकललं.

त्याच दुपारी सटवाला तहान लागली. तांब्या संपला, रांजण संपला, तरी घसा कोरडाच. प्यालेलं पाणी तोंडात वाळूसारखं लागे. लेकीकडं बघून रडावं, तर डोळ्यांत टिपूस येईना. सटवा फार भ्याला. मरणाला नाही, असल्या जगण्याला.

फरफटत तो विहिरीवर गेला आणि झाकणाला कान लावून पडला. खालून बायकांचे आवाज आले, असं म्हणतात. "कुनी अडवलं रं पानी? नाव सांग. त्याच्या घरात कुनी जित्तं ऱ्हानार न्हाई."

व्यापाऱ्याचं तान्हं लेकरू सटवानं पाहिलं होतं. ओठांवर आलेलं नाव त्यानं गिळलं. "आण माझी हाय," तो पुटपुटला. "मलाच न्या."

पाणी गरजत वर चढलं. झाकणाच्या चिरफळ्या उडाल्या. पाणी ओसरलं तेव्हा काठावर फक्त सटवाची काठी होती. व्यापारी लेकराला छातीशी धरून पळाला, तो पुन्हा फिरकला नाही.

त्या विहिरीवर आजही झाकण नाही. सकाळी पहिली घागर काढणारी बाई काठावरच्या दगडावर ओंजळभर पाणी ओतते. "पी, सटवाआबा." दगड ओला राहिला, तर बाया हसतबोलत पाणी भरतात. पण कधी कधी दगड पाणी पिऊन टाकतो, क्षणात कोरडा होतो. मग कुणी बोलत नाही. कुठंतरी कुणीतरी पाणी अडवलंय आणि आबा तहानेनं तळमळतोय, असं म्हणतात. त्या दिवशी प्रत्येक घर वाटसरूंसाठी भरलेला हंडा दारात ठेवतं.

अलीकडं ते हंडे रोजच दारात दिसतात.