शेलगव्हाणच्या तलावाची नावं

हा तलाव आणि हा बांध. दर चैत्री पुनवेला आम्ही गोंधळी इथं उभं राहून तलाव खोदणाऱ्यांची नावं सांगतो. त्याबद्दल प्रत्येक घर एक मूठ जोंधळा देतं. पाटलाच्या घरचीही मूठच. ओंजळ आम्ही कुणाची घेत नाही. तुम्ही सरकारी योजनेतून गावोगावचा इतिहास लिहायला आलात, मानधनाचा कागदही आणलात. सहीचं नंतर बघू. दाणा कुणाच्या हातचा, हे पारखल्याशिवाय आमच्यात तोंड उघडत नाहीत, आणि त्याला कारण आहे.

फार पूर्वी, दुष्काळात चाळीस जणांनी हा तलाव खोदला, असं सांगतात. ज्याचं नाव बांधावर घेतलं जाईल, त्याच्या घराला पाण्याची पाळी, असा ठराव होता. नावं सांगायचं काम आमच्या मूळपुरुषाकडं, सटवाजीकडं होतं. सारा गाव मिळून त्याला पोसायचा. पुढं देशमुखांचा निरोप आला, "गावाला कशाला तोशीस? तुमचं आम्ही बघतो." दरसाल पोतं येऊ लागलं. बदल्यात देशमुखांनी काहीच मागितलं नाही म्हणे. माझा यावर काडीचा विश्वास नाही. पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! सटवाजी दरसाल एकदोन नावं गाळत गेला आणि शेवटी तलाव एकट्या देशमुखांनी खोदला असं होऊन बसलं. पाणी त्यांच्याच मळ्यात जाऊ लागलं.

अशा एका पुनवेला यल्लव्वा वडारीण बांधावर आली. तिचा नवरा इथंच खोदताना दरडीखाली गेला होता. पाळी तुटल्यानं तिचं रान करपलं होतं.

"सटवाजीबुवा, माज्या धन्याचं नाव घ्या."

सटवाजीला नाव आठवेना, असं आमच्या घरात सांगतात. मला वाटतं, भ्याला. गावात कित्येकांना आठवत असेल, पण देशमुखांपुढं बोलणार कोण? आणि बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत. देशमुखांची माणसं हसली म्हणे.

यल्लव्वानं पदर खोचला. उखाणा नाही, काही नाही, साऱ्या गावासमोर तिनं सरळ नाव घेतलं.

"बसाप्पा! बसाप्पा वडार! घ्या आता."

सटवाजीनं घेतलं. मग घराघरातून माणसं पुढं आली आणि आपापली नावं सांगू लागली. संध्याकाळपर्यंत सदतीस जमली. उरलेली तीन घरं परमुलखातली, गाव त्यांना नुसतं 'पाव्हणं' म्हणायचं. ती पाण्यावाचून कधीच निघून गेली होती.

आजही आम्ही सदतीस नावं घेतो आणि तीनदा नुसतं थांबतो. योजना आली की त्या तीन जागांवर बसायला कुणाचा ना कुणाचा पणजोबा येतोच. तुमच्या कागदावर खाली छापलंय, एकही रकाना रिकामा सोडू नये. आमचे तीन रिकामे राहतील. चालतंय का, ते आधी वर विचारून या.