शालीचा रंग

“एवढंच सांगा मास्तर, तिच्या शालीचा रंग कोणता होता?”

केरोबा मास्तर कुंचले धूत होते. ते धूतच राहिले.

संस्थानच्या चित्रशाळेत एका गाजलेल्या विलायती चित्राची छापील प्रत टांगलेली होती. तिकडच्या दंतकथेतली कुणी सरदारकन्या. किल्ल्याच्या खिडकीत शाल पांघरून उभी, लढाईवर गेलेल्याची वाट बघणारी. छपाई काळी-पांढरी. मूळ चित्र तेलरंगातलं, आणि ते विलायतेत जाऊन डोळ्यांनी पाहिलेला माणूस अख्ख्या संस्थानात एकच, तो म्हणजे केरोबा मास्तर.

मास्तरांचा शिष्य दौलत, त्याला त्या पोरीचं खूळ लागलं होतं. आपल्यासारखा हात पंचक्रोशीत नाही असा त्याचा तोरा, आणि तो काही खोटा नव्हता म्हणा. पण या शालीपुढं त्याची मात्रा चालेना. कधी ती डाळिंबी रंगवली, कधी मोरपंखी, कधी राखाडी. दर वेळी वाटायचं, साधलं एकदाचं. सकाळी उठून बघावं तर कुठंतरी चुकलेलं. जीव नुसता तळमळायचा.

आज त्यानं निक्षून सांगून टाकलं, की रंग कळला तर राहीन, नाहीतर गाशा गुंडाळून दुसरा गुरू बघेन. मास्तरांना त्याच्याखेरीज शिष्य नव्हता, हे तो पुरतं जाणून होता.

“विलायतेला जायच्या आधी मीही तिला काढायचो,” मास्तर म्हणाले.

दौलतला हे नवीनच होतं. ती चित्रं कुठं आहेत, म्हणून त्यानं विचारलं.

मास्तरांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत तीच खिडकी, तीच पोर, कितीतरी वेळा. शाल कुठं जांभळी, कुठं हळदी, कुठं पोपटी. दौलत एकेक बघत गेला आणि त्याला चक्क हेवा वाटला.

“आणि परत आल्यावरची?”

मास्तरांनी कपाटाचं दार लोटून घेतलं.

“एकही नाही?”

“रंग कळला ना.”

दौलतचा हात जागच्या जागी थांबला.

“अजून हवाय?” मास्तरांनी विचारलं. “हवा असेल तर आत्ता सांगतो.”

इतक्या वर्षांची आस, आणि आता नुसतं हो म्हणायचा अवकाश. दौलतला रडू आवरेना.

मग त्यानं मान हलवली. नको.

डोळे पुसून त्यानं कोरं कापड चौकटीवर चढवलं, रंग जवळ ओढले. मास्तर त्याच्या शेजारी खाली जमिनीवरच बसले.

“लाव रंग,” ते म्हणाले. “मला तो खरा रंग विसरायचाय.”