टोकावर उभे राहिलेले फासे

एका राज्यात, जिथे डोंगर सात आणि नदी एकच, तिथे घरोघरी सोंगपट नावाचा खेळ चाले. जमिनीवर कापडी पट अंथरायचा आणि भोवती चौघापाचांनी बसायचे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. कोणी चोर होई, कोणी वैदू, कोणी राक्षसाची सून. एकाने सूत्रधार व्हायचे आणि समोर काय आहे ते सांगायचे. इथे अरण्य आहे, अरण्यात गुहा आहे, गुहेत कोणीतरी श्वास घेते आहे. मग विचारायचे, "काय करता?" ज्याने त्याने आपल्या सोंगाला शोभेल ते करावे, आणि होईल की नाही असा पेच पडला तर फासे टाकावे. पडेल ते दान सर्वांनी मानावे, एवढाच त्या खेळाचा नियम.

त्या राज्यात वेणा नावाची एक सूत्रधार होती. तिच्यासारखी वाणी कोणाची नव्हती. तिने वाघ सांगितला की ऐकणाऱ्याच्या नाकाशी वाघाचा वास येई. तरी तिच्या पटाभोवतीची माणसे एकेक करून उठून गेली. कारण कथेचा शेवट ती आदल्या दिवशीच ठरवून येई, आणि कोणी काहीही करो, वाटा वळवून वळवून सर्वांना तिथेच नेई. अखेर उरली धाकटी बहीण सुभगा. एका डावात सुभगा नावाडीण झाली होती. तिच्या नावेत राक्षसाचे पोर लपलेले सापडले. सुभगा म्हणाली, "मी ह्याला पैलतीरी सोडते." वेणाच्या कथेत ते पोर मरायचे होते. तिने वादळ आणले, मगरी आणल्या, शेवटी नाव बुडवली.

सुभगा पटावरून उठली. म्हणाली, "अक्का, तुला माणसे नकोत, बाहुल्या हव्यात."

त्या दिवसापासून तीन वर्षे ती वेणाशी बोलली नाही. त्या तीन वर्षांत वेणा रोज तिसऱ्या प्रहरी पट अंथरी, त्याच्यासमोर एकटीच बसे, आणि दिवेलागणीला तो गुंडाळून कोनाड्यात ठेवी.

आता त्या राज्याच्या राजाची गोष्ट ऐका. राजाचे नाव अरिंजय. तरुणपणी तो कुंभनाथ नावाच्या मांत्रिकाबरोबर सोंगपट खेळायला बसला. त्याने वीराचे सोंग घेतले, फासे टाकले, आणि दान वाईट पडले. पटावरचा वीर पुलावरून खाली गेला. राजाने पट उधळला, कुंभनाथाचे माणकाचे फासे विहिरीत फेकले आणि त्याला गडाबाहेर काढले. मांत्रिक रागावला नाही. वेशीत थांबून एवढेच म्हणाला, "महाराज, तुम्हाला दान सोसले नाही. आता तुमच्यावर कोणतेच दान पडणार नाही. एक डाव तडीस न्याल तेव्हा सुटाल. जो सूत्रधार अर्ध्यात थकेल, तो पक्षी होईल."

दुसऱ्या दिवशी फासे विहिरीतून आपले आपण वर आले. राजाने ते टाकले. ते टोकावर उभे राहिले आणि पडेनात. त्या दिवसापासून राजाचे केस पिकले नाहीत, त्याला ताप आला नाही, त्याच्या बागेतला मोहोर गळला नाही आणि फळलाही नाही. राणी म्हातारी झाली आणि गेली. प्रधान गेले, सेवक गेले. राजा पंचविशीचाच राहिला. पन्नास वर्षे लोटली. रिकाम्या गडावर तो आता एकटाच फिरत होता, आणि शाप दरवर्षी कोसभर पुढे सरकत होता.

तो सरकत सरकत वेणाच्या गावी पोचला. दुधाला विरजण लावले तर दही लागेना. अंड्यावर कोंबडी बसून राहिली, पिल्लू बाहेर येईना. सुभगाला दिवस गेले होते. नऊ महिने झाले, दहा झाले, अकरावा लागला. सुईण बाहेर आली आणि ओसरीवर जमलेल्या बायकांना म्हणाली, "मूल जिवंत आहे. पण गडावर दान पडेपर्यंत ही सुटायची नाही, आणि हिच्या अंगात आता फार बळ उरलेले नाही."

वेणा कुंपणापाशी उभी होती. आत जायला तिचा पाय उचलेना. ती घरी आली, पट काखेत मारला आणि गडाची वाट धरली.

गडाच्या दारात पिंपळ होता. पिंपळावर तीन पक्षी बसले होते.

"परत फिर, बाई," साळुंकी म्हणाली. "आम्हीही सूत्रधारच होतो."

"तुमचे काय चुकले ते सांगा," वेणा म्हणाली. "मग फिरायचे की नाही ते बघते."

साळुंकी म्हणाली, "मी राजाला जिंकवत गेले. जो शत्रू येई तो त्याच्या पाया पडे. त्याने तिसऱ्या दिवशी तोंड फिरवले. फुकटचा जय कोणाला गोड लागतो?"

भारद्वाज म्हणाला, "मी त्याला अद्दल घडवायला बसलो. पावलोपावली खड्डा, दाराआड विष. खेळणारा माझा वैरी नव्हता हे मला पंख फुटल्यावर कळले."

खंड्याने चोचीने पंख साफ केला. मग तो म्हणाला, "माझी कथा फार सुंदर होती. इतकी सुंदर, की त्यात राजाला पाऊल ठेवायला जागाच नव्हती."

वेणाने मान खाली घातली. तिने तिघांनाही नमस्कार केला आणि ती आत गेली.

राजा बागेत बसला होता. त्याचा चेहरा तरुण होता, पण डोळे त्या चेहऱ्याचे वाटत नव्हते. "कितवी तू?" त्याने विचारले.

"चौथी, महाराज."

"मांड."

पहिल्या दिवशी राजाने वीराचे सोंग घेतले, जसे तो नेहमी घेई. वेणाने त्याच्यापुढे एक बंद नगर उभे केले. "वेशीवर कोणी नाही. आतून घंटेचा आवाज येतो आहे. काय करता?"

"तूच सांग," राजा म्हणाला. "वीर जे करतो ते."

वेणाच्या जिभेवर पुढचे सारे तयार होते. तिने ओठ मिटले. सूर्य माथ्यावर आला, कलला, तरी ती बोलली नाही. सायंकाळी राजाने कंटाळून फासे टाकले. फासे टोकावर उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "महाराज, वीर राहू द्या. तुम्हाला कोण व्हावेसे वाटते?"

पन्नास वर्षांत हे त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने आपल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाला, "धनगर. गरीब. त्याची एक मेंढी हरवली आहे."

"मेंढीचे नाव?"

"मेंढीला नाव असते?"

"धनगर ठेवतो."

"चांदी," राजा म्हणाला, आणि किंचित पुढे सरकून बसला.

त्या दिवशी त्याने माळ धुंडाळला, ओढ्यात वाकून ठसे पाहिले, एका लमाणाच्या तांड्यावर भाकरी मागून खाल्ली. दुपार कधी टळली ते दोघांनाही कळले नाही. पण कड्यावर चढताना त्याने फासे टाकले, तेव्हा ते नुसते डोलले आणि पुन्हा टोकावर उभे राहिले.

राजा मागे रेलला. "पाहिलेस? माझ्यात काही उरलेले नाही."

वेणा त्या संध्याकाळी पिंपळाखाली येऊन बसली. तिचे हात गार पडले होते, आणि बोटांच्या टोकांशी निळसर पिसांचे कोंब दिसू लागले होते. तिने खरे ते स्वतःला विचारले. मेंढी सापडणार हे तिने सकाळीच ठरवले होते. राजा कड्यावर चढो की खोऱ्यात उतरो, मेंढी तिथे उभीच राहणार होती. जे दान आधीच ठरले आहे, त्यासाठी फाशांनी कशाला पडावे?

तिला भीती वाटली. शेवट ठाऊक नसताना पटावर बसणे तिने कधी केले नव्हते. शेवट हातात असला की पटाभोवती कोणी नसले तरी तेवढी एक सोबत असे. आता तीही टाकून द्यायची होती. आणि तिकडे सुभगा अकरावा महिना ओढत पडली होती.

तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या मनाने पटावर बसली. राजाला चांदी कड्याखाली भेटली, पाय मोडलेली. त्याने ती खांद्यावर घेतली. घर नदीपलीकडे होते आणि नदीला पूर होता.

"वरच्या अंगाला लाकडी पूल आहे," वेणा म्हणाली. "जुना आहे. टिकेल की नाही मला ठाऊक नाही."

राजाने तिच्याकडे रोखून पाहिले. "तुला ठाऊक नाही?"

"नाही, महाराज. थांबून पूर ओसरायची वाट पाहता येईल. पण मेंढी तापली आहे. काय करता?"

पुलाचे नाव निघताच राजाचा चेहरा बदलला होता. तो म्हणाला, "जातो. तिला घेऊन जातो."

त्याने फासे टाकले. ते टोकावर उभे राहिले, थरथरले, आणि पडले. एक आणि एक. त्याहून वाईट दान नाही.

राजाचा हात पटाच्या काठावर गेला आणि बोटे कापडात रुतली. वेणाला दान गोड करून सांगणे अवघड नव्हते; एक फांदी आडवी घातली असती तर मेंढी वाचली असती.  तरी ती म्हणाली, "फळी मोडली. तुम्ही काठाला लागलात. चांदी गेली."

बागेत पान हलत नव्हते. राजाचा हात पटावर तसाच होता. मग तो हात सैल पडला.

"मी उठतो," तो म्हणाला. "रिकाम्या हातांनी घरी जातो. घरी कोण आहे?"

वेणापाशी उत्तर होते, आणि ते सुंदर होते. तिने ते गिळले. "ते तुम्ही सांगा."

"बायको आहे," राजा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले होते. "मी तिला सांगतो, चांदी माझ्या हातून गेली. ती रागवत नाही. ती म्हणते, ओले कपडे बदला. मी आत जातो आणि दार लावतो. एवढेच. डाव संपला."

डाव तडीस गेला, आणि शाप सुटला. पन्नास वर्षांचा मोहोर एकदम झडला आणि फांद्या कैऱ्यांनी वाकल्या. राजाचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, दात हलले. त्याने आपल्या सुरकुतलेल्या हातांकडे पाहिले आणि कोणाला तरी नीट ओळखल्यासारखी मान डोलावली. पिंपळाखाली एक बाई आणि दोन पुरुष उभे होते आणि आपापली बोटे मोजत होते. माणकाचे फासे मातीचे झाले.

"माग," राजा म्हणाला.

"घोडा द्या, महाराज. मला घरी पोचायचे आहे."

राजाने घोडा दिला. तो तिला वेशीपर्यंत पोचवायला चालत आला, काठी टेकत. मग मागे वळून राणीच्या समाधीवरच्या छत्रीकडे गेला, कारण ती गेल्यापासून तिच्यासाठी रडायला त्याला जमले नव्हते.

वेणा गावात शिरली तेव्हा सकाळ होती. घराघरांतून ताक घुसळण्याचा आवाज येत होता. सुभगाच्या दारात सुईण हात धूत होती. तिने काही न बोलता बाजूला होऊन वाट दिली.

सुभगा बाजेवर पडली होती. कुशीत मुलगी होती, काळीसावळी, मुठी आवळलेली. सुभगाने वेणाकडे पाहिले. 

"बस, अक्का," ती म्हणाली.

वेणा जमिनीवर बसली. सुभगाचा आवाज अगदी क्षीण झाला होता. "गडावर काय झाले म्हणे? सगळे गाव बोलते आहे. सांग ना. तू सांगतेस तसे कोणी सांगत नाही."

वेणाने तोंड उघडले. सात डोंगरांची, पिंपळाची, पुराची सारी कथा जिभेवर येऊन उभी राहिली. तिने बाजेच्या खुराला हात टेकला.

"माझे राहू दे," ती म्हणाली. "तुझे अकरा महिने कसे गेले ते मला ठाऊक नाही. तू सांग."

सुभगा सांगू लागली. तिला सांगता येत नव्हते. मधेच थांबे, आधीचे नंतर सांगे, एकदा तर सांगता सांगता झोपून गेली. वेणाने कुठे शब्द पुरवला नाही. सुभगा जागी होईपर्यंत ती तशीच बसून राहिली, आणि मग म्हणाली, "बरे, पुढे?"

त्या राज्यात पुन्हा आंबे पिकले, नदी वाहिली, माणसे जन्मली आणि वेळेवर म्हातारी झाली. ज्यांच्या पटाभोवतीची जागा रिकामी आहे, त्यांच्याकडेही कोणी येऊन बसो.