मोळीतली निरगुडी

वासाच्या खिंडीखालच्या वाडीत जळणाच्या मोळ्या मिळतात. वीतभर लांबीच्या सुक्या काटक्या, बारीक आत, जाड बाहेर, केवणीच्या सालीने करकचून आवळलेल्या. चूल पेटवायला अशी मोळी साऱ्या घाटात मिळायची नाही. पण प्रत्येक मोळीत एक काटकी निरगुडीची असते. जळताना तिचा उग्र वास सुटतो आणि शहरातून आलेली मंडळी नाकं मुरडतात. मग मोळ्या विकणारे रघूतात्या कोयता खाली ठेवतात आणि ही हकिकत सांगतात.

फार मागे, घाटातून बैलांचे तांडे चालत तेव्हा, या वाडीत राही नावाची बाई राहायची म्हणे. तिचा नवरा भिवा बंदरावर ओझी वाहायला गेला. घरात डास फार, म्हणून त्यांच्या चुलीत रोज निरगुडी असे. दुसऱ्या कुणाच्या नसे. जाताना भिवा म्हणाला, "शिमग्याला येतो. चुलीचा वास आला की समजंन, माझं घर आलं."

शिमगा आला आणि गेला. एक नाही, तीन गेले. बंदरावरून येणाऱ्या प्रत्येक तांडेवाल्याला राही विचारी. भिवाचा ठावठिकाणा कुणालाच ठाऊक नव्हता. तिचा जीव तीळतीळ तुटे.

बंदरातल्या चुलींना जळण इथूनच जाई. राहीच्या मनात आलं, माणसांना तो सापडत नाही तर नसो, वास त्याला शोधील. पडल्या फांद्या वेचून, तोडून, खडकावर वाळवून ती मोळ्या बांधू लागली आणि प्रत्येकीत निरगुडीची एक काटकी सारू लागली. तेव्हा डोंगरात निरगुडी तुरळक होती. आपल्या चुलीत घातली तर खाली एक मोळी बिनवासाची जाईल, म्हणून स्वतः ती नुसतं ऐनाचं लाकूड जाळी. वेडी म्हणा हवं तर.

वास पोचला, असं सांगतात. देवीच्या साथीत भिवाचे डोळे गेले होते. आंधळ्याचा भार बायकोवर कशाला, म्हणून तो तिकडेच खितपत पडला होता. एका संध्याकाळी कुणाच्या तरी चुलीतून निरगुडी दरवळली आणि त्याला राहवेना. काठी टेकत तो घाट चढला.

दिवेलागणीला तो वाडीत आला. राही चूल फुंकत होती. अंगणाबाहेर काठी वाजली ती तिने ऐकली. पण डोळे धुराने चुरचुरत होते, तिने मान वर केली नाही. शेजारची सून नवी होती, तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने विचारलं, "बाबा, कुनाकडं जायाचं?"

"माझं घर यायचंय अजून," तो म्हणाला. "वास न्हाई आला."

आणि तो खिंडीकडे चालू लागला.

सकाळी पाणवठ्यावर राहीला हे कळलं. घागर तिथेच टाकून ती धावत सुटली. खिंडीपलीकडे रानोरान हाका मारत फिरली. भिवा सापडला नाही. पुढे ती मोळ्या बांधतच राहिली, पण निरगुडीची पहिली काटकी आपल्या चुलीत घालून.

आता वाडीत गॅस आला आहे. तरी आजही दिवेलागणीला तात्यांची सून मातीच्या परळात निरगुडीची काटकी पेटवून उंबऱ्याशी ठेवते. आणि बाहेर कुणाचंही पाऊल वाजलं, मग ते वाट चुकलेल्या पाहुण्याचं का असेना, की घराघरातल्या बाया हातातलं काम टाकून दारात येतात आणि विचारतात, "कोन हाय? हितंच या, घर हेच हाय."