कठड्याला धरलेले हात

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या जुन्या गावात एक लांबलचक दगडी धक्का आहे, आणि धक्क्याला लोखंडी कठडा. सगळा कठडा खाऱ्या वाऱ्याने गंजलेला, पण वरची दांडी मात्र हात लागून लागून चकचकीत झालेली. शरयूताई तिला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे यजमान विद्याधरराव खाली बोटीत बसले होते. सकाळपासून किल्ला, चर्च, मासळीबाजार सगळे धावतपळत उरकले, तरी त्यांना आता समुद्रातले सील प्राणी बघायचे होते. ताईंना बोट लागते, म्हणून त्या वरच राहिल्या. स्वेटर न्या, असे त्यांनी तीनदा सांगितले. तेवढ्यावरून चारचौघांत वाजले, आणि विद्याधरराव स्वेटर न घेताच तणतणत पायऱ्या उतरले. तेव्हापासून ताईंचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बोट सुटायला अवकाश होता. मागे राहिलेल्या चारसहा पाहुण्यांना पेंगेली नावाचे वृद्ध गाईड त्या दांडीची गोष्ट सांगू लागले.

फार पूर्वी बंदराच्या तोंडाशी वाळूचा मोठा उंचवटा होता म्हणे. भरती पुरेशी चढली की बोटी त्यावरून सुखरूप येत. अंदाज चुकला की वाळूत रुतत आणि लाटा त्यांना उलटवत. पाणी किती आहे हे धक्क्यावरून ओळखणारा एकच म्हातारा होता, आणि तो आंधळा झाल्यावर त्याची मुलगी हेस्टर तिथे उभी राहू लागली. तिने हात वर केला की आत यायचे, नाहीतर बाहेर थांबायचे. तिचा हात दिसला की खलाशी दुसरा विचार करत नसत.

एका सकाळी हेस्टरचे नवऱ्याशी, नेथनशी, भांडण झाले. कशावरून, ते आता कोणाला ठाऊक नाही. (स्वेटरवरूनच झाले असणार, असे ताईंच्या मनात आले.) नेथन तसाच बोटीवर गेला. ओहोटी लागली होती. बोट उंचवट्यापलीकडे गेली तेव्हा त्याने मागे वळून पाहिले, आणि हेस्टरला राहवेना. राग गेला, एवढेच तिला सांगायचे होते. तिने हात वर केला.

नेथनला वाटले, बोलावतेय. त्याने बोट वळवली. खाली पाणी उरले नव्हते. तिच्या डोळ्यांदेखत बोट उलटली, आणि नेथन काही वर आला नाही.

त्याच दिवशी दुपारी वादळ उठले असे सांगतात. भरती आली, गावच्या उरलेल्या सहा बोटी बाहेर येऊन थांबल्या, आणि हेस्टर हात एप्रनमध्ये गुंडाळून उभी. पाणी पुरेसे आहे हे तिला दिसत होते, पण हात उठेना. धक्क्यावरच्या बायका विनवण्या करून थकल्या. अखेर नेथनची आई, मार्था, गर्दीतून पुढे आली. तिने सुनेचा हात एप्रनमधून सोडवला.

"माझ्या लेकासाठी उचललास, तेव्हा चुकलीस," ती म्हणाली. "यांच्यासाठी उचलला नाहीस, तर पुन्हा चुकशील."

आणि तिने स्वतः तो हात धरून वर केला. सहाही बोटी आत येईपर्यंत म्हातारीने तो खाली येऊ दिला नाही. त्या संध्याकाळी गावाने ठरवले, की धक्क्यावर हात उचलेल तर एकटी हेस्टर. बाकीच्यांनी आपले हात कशाला तरी धरून ठेवावेत. कठडा त्यानंतर बसवला.

पेंगेली थांबले. खालून इंजिनाचा आवाज आला आणि बोट सुटली. वाळू केव्हाच उपसली गेली आहे, तोंडाशी दिवाही आला आहे, हे त्यांनी हसून सांगितले. तरी आजही त्या धक्क्यावरून कोणी हात हलवून निरोप देत नाही.

बोट तोंडापाशी पोचली तेव्हा विद्याधरराव उठून उभे राहिले. त्यांनी ही गोष्ट ऐकलीच नव्हती. ते वळले, आणि मघाचे सगळे विसरल्यासारखे त्यांनी ताईंकडे बघून हात हलवला. ताईंना भरून आले. काही होणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. विद्याधरराव थोडा वेळ तसाच हात हलवत राहिले, मग त्यांनी तो खाली घेतला आणि पाठ फिरवून बसले. ताईंनी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.